माझा हिवताप आणि स्वराचं पहिलं वर्ष

हे मी मुख्यतः एका बाईसाठी लिहितेय. ती मला माहीत नाही. तिला सहावा-सातवा महिना आहे, दुपारनंतर तिच्या अंगात बारीक कणकण असते आणि घरातली सगळी माणसं तिला सांगतायत की या दिवसांत असं होतंच. त्या बाईने हे वाचणं बाजूला ठेवून आधी रक्त तपासून घ्यावं. उरलेलं नंतर वाचलं तरी चालेल, ते काही पळून जात नाही.

मला गरोदरपणात मलेरिया झाला आणि मी बरी झाले. त्यानंतर माझ्या मुलीला, स्वराला, वर्षाची व्हायच्या आत दोनदा मलेरिया झाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असू शकतो, हे मला वेळेवर सांगणारं माणूस भेटलं. सगळ्यांना भेटतंच असं नाही, म्हणून हा खटाटोप.

थोडी ओळख करून देते. माहेर डोंबिवलीचं, सासर कळव्याला, खाडीकडेच्या कोळीवाड्यात. नवरा नितेश माजिवड्याला एसीच्या शोरूममध्ये सर्व्हिसचं काम बघतो. सासूबाई कळव्याच्या बाजारात मासे विकतात. सासरे माझ्या लग्नाच्या आधीच गेले. मी घोडबंदर रोडवरच्या एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी ऐकते. दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात आणि मी "समजू शकते सर" म्हणत राहते. या नोकरीने मला एक गोष्ट शिकवली. समोरचा कितीही चढ्या आवाजात बोलला, तरी काम झाल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. पुढे ही सवय फार उपयोगी पडली.

डोहाळजेवण

सातव्या महिन्यात सासूबाईंनी दणक्यात डोहाळजेवण केलं. कुणी चंद्रावर बसवतं, कुणी झोपाळ्यावर. आमच्याकडे अर्थात होडी. थर्माकोलची, शीड लावलेली, झेंडूने मढवलेली. हिरवी साडी आणि फुलांचे दागिने घालून मला त्यात बसवलं, हातात छोटं वल्हं दिलं आणि कोळीवाड्यातल्या बायका गाणी म्हणायला लागल्या. माझे दात वाजत होते. भर दुपारी, पत्र्याच्या मांडवात, बाकीच्या बायका पदराने वारा घेत असताना मी थंडीने कुडकुडत होते.

"लाजली गो लाजली!" कुणीतरी ओरडलं आणि सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण फोटो काढणं चालू होतं. त्या फोटोंत मी फार छान दिसते. गाल लालबुंद आहेत.

ओटी भरताना सासूबाईंचा हात माझ्या हाताला लागला आणि त्या थांबल्या. "अंग तापलाय हिचा. उठवा हिला." त्यांनी मला आत नेलं, मीठमोहरीने दृष्ट काढली, अंगावर दोन गोधड्या घातल्या आणि बाहेर पंगत उठेपर्यंत माझे पाय दाबत बसल्या. हे मुद्दाम सांगतेय. पुढे त्यांच्याशी माझी बरीच जुंपली आणि वाचणाऱ्याने त्यांना खाष्ट सासू समजू नये.

दुसऱ्या दिवशी ताप गायब. मी चक्क कामावर गेले. फोनवर मम्मी म्हणाली, "दगदग झाली असेल गं. एवढी माणसं, एवढा वेळ अवघडून बसायचं." पटण्यासारखंच होतं. या तापाची ही खोड फार वाईट. मधला एक दिवस तो तुम्हाला सोडतो, म्हणजे तुम्ही निश्चिंत व्हावं. त्याच्या पुढच्या दिवशी ऑफिसच्या बसमध्ये पुन्हा तीच थंडी भरली, आणि या वेळी हसायला कुणी नव्हतं. मी अर्ध्या वाटेत उतरले, उलट्या बाजूची रिक्षा केली आणि थेट बाळंतपणाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रक्त घेतलं आणि घरी पाठवलं.

संध्याकाळी त्यांचा स्वतःचा फोन आला. डॉक्टर स्वतः फोन करतात तेव्हा बातमी चांगली नसते.

"मलेरिया आहे. आजच ॲडमिट व्हायचं. बॅगबिग भरत बसू नकोस."

मी विचारलं, "आणि बाळ?"

  "म्हणून तर लगेच बोलावतेय."

इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती. स्वतःसाठी नव्हे. मला वाटत होतं की माझ्या पोटात एक खोली आहे, तिला कडी आहे आणि बाहेरचं काही आत जात नाही. ती कडी नव्हतीच.

मच्छरदाणीतली बाई

वॉर्डात बाळंतिणी आणि गरोदर बायका, आणि सगळ्यांत फक्त माझ्या पलंगाला मच्छरदाणी. पहिल्या दिवशी मला वाटलं, माझी काय बडदास्त! मग सिस्टरने सांगितलं की मला चावलेला डास दुसरीला चावू नये म्हणून ती लावलीय. म्हणजे जाळीतली धोक्याची वस्तू मीच. त्या दिवशी मी तोंड फिरवून खूप रडले. संध्याकाळी भूक लागली तेव्हा उठले.

दिवस असा जायचा: पहाटे लादी पुसणारी मावशी पलंगाखाली फडका मारता मारता माझ्या चपला पलीकडच्या पलंगाखाली ढकलायची. मग रक्त, मग कडूजहर गोळ्या, मग घामाने भिजलेला गाऊन बदलायचा. डोकं इतकं दुखायचं की पंख्याचा आवाज सोसवायचा नाही. आणि दिवसातून दोनदा सिस्टर पोटावर छोटं यंत्र टेकवून बाळाचे ठोके शोधायची.

एक सिस्टर होती, ती यंत्र फिरवताना अखंड बोलायची. आज कोबी किती महाग, घरच्या नळाला पाणी कसं नाही, जाऊबाईंनी काय दिवे लावले. मला वाटायचं, काय बडबडी बाई आहे! दोन-तीन दिवसांनी लक्षात आलं, ठोके सापडेपर्यंतची शांतता आम्हाला ऐकू येऊ नये म्हणून ती बोलते. ठोके लागले की ती गप्प बसायची. तिचे उपकार मी विसरणार नाही.

डब्यांवरून दोन घरांत शीतयुद्ध सुरू होतं. मम्मी डोंबिवलीहून मऊ भात आणि मेतकूट आणायची. सासूबाई मांदेलीचं कालवण. मला दोन्हीचा वास सहन होत नव्हता. नितेश दोघींना "खाल्लं तिने" असं सांगून दोन्ही डबे स्वतः संपवायचा. माझ्या आजारपणात वजन त्याचं वाढलं.

ताप गेला, रक्त स्वच्छ आलं, मी घरी आले. मला वाटलं, संपलं.

नवं मडकं

स्वरा थोडी लवकर आणि थोडी हलकीच जन्मली, पण रडली खणखणीत. मी अजून टेबलावरच होते तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "वार लॅबला पाठवू या. तुला मलेरिया होऊन गेलाय, मला बघायचंय." वार म्हणजे आईकडून बाळाला रक्तातून सगळं पोचवणारा तो मांसल गोळा, बाळामागोमाग बाहेर पडतो. मी हो म्हटलं.

बाहेर सासूबाई नवं कोरं मडकं घेऊन उभ्या होत्या. हळदकुंकू लावलेलं, तोंडाला लाल फडका बांधलेलं. आमच्या घरची रीत अशी, की बाळाची वार मडक्यात घालून घरामागे खाडीच्या अंगाला पुरायची. त्याशिवाय पोर त्या जागेला धरत नाही, टिकत नाही म्हणतात. नितेश दवाखान्यात जन्मला, तरी त्यांनी त्याची वार मागून आणली होती. मला खोलीत आणल्यावर त्यांना कळलं की या वेळी मडकं रिकामं जाणार.

"लॅबला म्हंजे? काय करतान तिचा?"

"तपासणार आई. तुकडे करून, काचेखाली बघणार."

"बाटलीत घालतान? लोनच्यावानी?" त्यांचा आवाज चढला. "अगो, मग पोर रुजल कुटं?"

नितेश छताच्या पंख्याकडे बघत होता. त्याने मला हळूच म्हटलं, "दे ना यार. डॉक्टरला सांगू, थोडी त्यांना, थोडी आपल्याला." जसा काही पापलेटचा वाटा चाललाय. मला टाके पडलेले, अंगात त्राण नाही, तरी मला हसू आलं आणि हसताना कळ आली, आणि त्या कळेने माझा आवाज कडक झाला.

"रुजण्याचं मला माहीत नाही, आई. पण माझ्या पोटात तिच्यापर्यंत काय पोचलं होतं, ते मला कळलं पाहिजे. वार लॅबलाच जाणार."

त्या मडकं पदराखाली घेऊन निघून गेल्या. पाचवीला त्यांनी सगळं यथासांग केलं, बाळाला तेल लावलं, मला शेक दिला, पण माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. शेक मात्र कडक होता.

पोटात सोसून आलेलं पोर

लॅबचं उत्तर आलं तेव्हा स्वराला पाळण्यात घालून झालं होतं. वारेत मलेरियाच्या खुणा सापडल्या होत्या. माझं रक्त स्वच्छ झाल्यावरही तो तिथे दडून राहिला असावा. डॉक्टरांनी आम्हाला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. हे गृहस्थ इतक्या हळू आवाजात बोलतात की रडणारी पोरंही ऐकायला गप्प होतात.

त्यांनी स्वराला नीट तपासलं. "आज तिच्या रक्तात काही नाही," ते म्हणाले. "पण वारेला मलेरिया झालेला असेल, तर पुढच्या वर्ष-दोन वर्षांत अशा बाळांना मलेरिया होण्याची शक्यता थोडी जास्त असते, असं काही अभ्यासांत दिसलंय. प्रत्येकाला होतो असं नाही. का होतो, तेही पुरतं कळलेलं नाही. एक अंदाज असा, की बाळाच्या प्रतिकारशक्तीची त्या जंतूशी पोटातच ओळख होते, पण ती शत्रू म्हणून होत नाही, सवयीचा म्हणून होते. शिवाय घर तेच आणि डासही तेच."

मला ते लगेच समजलं. घोडबंदरच्या टॉवरमध्ये रोज येणाऱ्या माणसाला वॉचमन नाव न विचारता आत सोडतो, तसं.

"मग आम्ही करायचं काय?" मी विचारलं.

"मच्छरदाणी, साचलेलं पाणी, ते तुम्हाला माहीतच आहे. आणि एक नियम. ताप आला की त्याच दिवशी रक्त. पहिलं निगेटिव्ह आलं आणि ताप राहिला, तर पुन्हा रक्त. दोन वर्षांची होईपर्यंत. मधे कुणाचं ऐकायचं नाही."

ऐकवणारे कमी नव्हते. घरी येऊन सांगितलं तर सासूबाईंनी इतक्या दिवसांचं मौन सोडलं. "कायतरीच तुजा! पोटात सोसून आयलीय ती. पक्की झाली. तिला आता हीव शिवनार नाय." मम्मी शाळेत शास्त्र शिकवायची, तीही म्हणाली, "कांजण्या एकदा आल्या की पुन्हा येत नाहीत ना, तसंच असणार हे." ऑफिसातले इंजिनियर म्हणाले, "नॅचरल व्हॅक्सिन झालं की!" इतक्या वेगवेगळ्या माणसांचं एकाच चुकीच्या गोष्टीवर एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मी वाद घातला नाही. फक्त नियम लक्षात ठेवला.

दात येतायत

आठव्या महिन्यात, श्रावणात, स्वराला ताप आला. हिरड्या सुजलेल्या, लाळ गळतेय, मिळेल ते चावतेय. त्या दिवशी मम्मी आमच्याकडेच होती.

"अगं, दात येतायत. सगळ्यांनाच येतो ताप," ती म्हणाली. सासूबाईंनी मान डोलावली. या दोघींचं पटलेलं मी तेव्हाच बघितलं.

मी त्याच दुपारी रक्त काढून आणलं. निगेटिव्ह. नितेश म्हणाला, "झालं समाधान?" त्या रात्री ताप उतरला, दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा चढला. हातपाय गार, डोकं तापलेलं. मी पिशवी उचलली.

"कुठे?" नितेश दारात आडवा उभा राहिला. "बास ना आता. कालच टोचलं तिला. हात बघ तिचा, निळा पडलाय. तुझ्या भीतीपायी पोरीला किती टोचणार?"

त्याचंही चूक नव्हतं. आदल्या दिवशी शीर सापडत नव्हती तेव्हा स्वराला त्यानेच धरलं होतं, आणि तिने त्याच्याकडे बघत हंबरडा फोडला होता. मी आवाज चढवला नाही. ऑफिसात शिकलेली चाल वापरली. "समजू शकते," मी म्हटलं, "पण मी जाणार आहे. तू धरणार नसशील तर मी धरीन." तो बाजूला झाला. मग चपला घालून मागून आला आणि त्यानेच धरलं.

या वेळी पॉझिटिव्ह आलं.

ते पाच दिवस मला सलग आठवत नाहीत. तिच्या मुठीएवढ्या हाताला पुठ्ठ्याची पट्टी बांधून सलाईनची सुई स्थिर केली होती. त्या पुठ्ठ्याच्या हाताने ती माझा कान पकडायची. रडून रडून तिचा आवाज बसला. तोंड उघडं, पण आवाज नाही. मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही, निम्मं अजून फेडायचंय. नितेश पलंगाच्या पायथ्याशी बसून तिचे तळवे चोळत राहायचा. एकदा माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी दारात उभा राहिलेलो ना... तू थांबली असतीस तर?" मी म्हटलं, "थांबले नाही ना." एवढंच आम्ही त्यावर बोललो, आणि ते पुरलं.

ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलंत. आणि लगेच पुढचंही सांगितलं. मलेरिया मुळापासून काढण्यासाठी मोठ्यांना जे औषध देतात, ते एवढ्या लहान बाळाला देत नाहीत, तेव्हा सावध राहायचं. पुन्हा येऊ शकतो.

थर्माकोलचे खोके

घरी आल्यावर मी पदर खोचला. आमच्या घरामागे थर्माकोलच्या खोक्यांची रास असते. बर्फातला मासा त्यांतूनच येतो, आणि कोळणीच्या घरी कुणी खोका टाकत नाही, कधीतरी लागतो. पाऊसभर ते खोके तोंड वर करून भरलेले. वाकून बघितलं तर स्वच्छ पाण्यात अळ्या वळवळत होत्या. मी एकेक खोका पालथा केला, फुटके फोडून गोणीत भरले. पाण्याच्या पिंपांना झाकणं आणली, टाकीला जाळी बसवून घेतली, खिडक्यांना जाळ्या मारल्या. शेजारच्या घरांतही गेले. काहींनी ऐकलं, काहींनी "आली मोठी डोंबिवलीची" म्हणून दार लावलं. मी दर रविवारी पुन्हा जात राहिले. शेवटी कंटाळून त्यांनी पिंपं झाकली.

सासूबाई हे सगळं ओट्यावर बसून बघत होत्या. एका रविवारी म्हणाल्या, "खोके पालथे करून काय व्हनार? वार मातीत गेली नाय, म्हनून पोर धरत नाय."

आता मात्र मी भडकले. "आई, वार लॅबला गेली म्हणून तिला टोचायचं कधी ते मला कळलं. मातीत गेली असती तर आपण दात दात करत बसलो असतो."

त्या दचकल्यासारख्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता फुटणार. पण त्या उठल्या, उरलेला एक खोका पायाने पालथा केला आणि घरात गेल्या.

त्यानंतर त्या बदलल्या असं मी म्हणणार नाही. फक्त एक गोष्ट बघितली. पहिलं वर्ष भरत आलं तशा त्या रात्रीतून उठून स्वराच्या मच्छरदाणीत हात घालायच्या आणि कपाळ बघायच्या. मी वाढदिवसाचा विषय काढला की उठून जायच्या. मला ते लागायचं. वाटायचं, राग अजून गेला नाही.

वर्ष भरायच्या आधी

मी पुन्हा कामावर जायला लागले होते. सकाळी मम्मी डोंबिवलीहून यायची, दुपारी बाजार उरकून सासूबाई आल्या की परत जायची. दिवाळी झाली होती. एका संध्याकाळी मी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये बसमध्ये अडकलेली असताना सासूबाईंचा फोन आला.

"पोरीचा अंग तापलाय. मी घेऊन जातंय. तू परस्पर दवाखान्यात ये."

फोन बंद. गाड्या हलत नव्हत्या. मी उतरले आणि माजिवड्याच्या दिशेने चालत सुटले, मग धावत, मग मोकळी रिक्षा मिळाली. सगळ्या वाटेत माझ्या डोक्यात एकच होतं: त्या तिला घेऊन तिथे जातील, कुणीतरी काहीतरी सांगेल आणि त्या ऐकतील.

दवाखान्यात पोचले तर आमचे डॉक्टर बाहेरगावी. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर होता. दार अर्धवट उघडं होतं आणि सासूबाईंची पाठ मला दिसत होती. स्वरा त्यांच्या खांद्यावर, मान टाकून.

"आजी, नाक वाहतंय ना तिचं? व्हायरल आहे," तो समजुतीने सांगत होता. "औषध देतो. दोन दिवस बघू, नाही उतरला तर मग..."

"दोन दिवस मी बगतला एकदा," सासूबाई म्हणाल्या. "आता नाय बगनार. रगत काडा."

"अहो, उगाच एवढ्याशा बाळाला टोचायचं..."

"टोच. रडल तर रडूं दे. रडतं पोर बरा."

त्यांनी स्वतः टेबलावर बसून स्वराला मांडीत घेतलं, तिचा हात घट्ट धरला आणि पुढे केला. मी दारातच उभी राहिले. पुढे जायची गरज नव्हती.

पॉझिटिव्ह आलं. पहिल्याच दिवशी औषध सुरू झालं. या वेळी सलाईनसुद्धा लागलं नाही. दोन-तीन दिवसांत स्वरा पलंगावर बसून मऊ खिचडी सगळीकडे फासत होती. लपलेलाच परत आला की नवा डास चावला, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मला ते कळून काही करायचंही नव्हतं.

त्या पहिल्या संध्याकाळी, स्वरा झोपल्यावर, आम्ही दोघी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलो होतो. मी विचारलं, "आई, एकदा म्हणजे कधी?"

त्या समोरच्या भिंतीकडे बघत बोलल्या. "नितेशच्या आदी एक पोर होती मना. ती पोटात असतान मना हीव भरायचा, एक दिवसाआड. गोधड्या घेऊन पडायची मी. ती झाली तवा सगली बोल्ली, पोटात सोसून आयलीय, पक्की हाय. वरसाची व्हायला आलती. ताप आयला. दात येतान बोल्ली. दोन दिवस बगू बोल्ली. तिची वार मी पुरली होती. हलदकुकू लावून. माज्या हातान."

मला रडू आवरलं नाही. त्या रडल्या नाहीत. माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, जसं काही गेलं होतं ते माझं.

त्या पोरीचं रक्त कुणी काढलंच नव्हतं, त्यामुळे तिला मलेरियाच झाला होता असं मी म्हणणार नाही. ते आता कुणालाच कळणार नाही. कळलं नाही, हेच तर दुखणं आहे.

स्वराला आता दोन वर्षं पूर्ण होऊन गेली. त्यानंतर तिला मलेरिया झालेला नाही. बाजारात एखादी पोटुशी बाई मासे घ्यायला आली, की सासूबाई हातातलं कापणं थांबवून विचारतात, "ताप-बिप नाय ना गो? आयला तर रगत कर." काही बायकांना राग येतो. सासूबाईंना फरक पडत नाही.

हे लिहायला घेतलं तेव्हा मी त्यांना विचारलं की तुमच्या मुलीचं लिहू का. नितेशलासुद्धा आपल्या आधी एक बहीण होती हे त्या संध्याकाळनंतरच कळलं होतं, त्यामुळे मला वाटलं त्या नको म्हणतील.

"लिव," त्या म्हणाल्या. मी उठायला लागले तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "तिचा नाव पन लिव. इतकी वर्सा कोनी इचारलाच नाय."

तिचं नाव मंजुळा होतं.